घरचा कोळी आणि रानचा कोळी

नवरात्र संपून दिवाळीचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे महाराष्ट्रांतील घराघरांतून एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. लांब काठीला कुंचा बांधला जातो, डोक्याला फडकें गुंडाळलें जातें, आणि आढ्यापासून माजघराच्या कोपऱ्यापर्यंत वर्षभर सांचलेलीं जळमटें काढण्याची मोहीम सुरू होते. या मोहिमेंत ज्याच्यावर पहिला प्रहार होतो तो प्राणी म्हणजे कोळी. त्याचें घर मोडतें, त्याचीं अंडीं केरांत जातात, आणि तो स्वतः जीव घेऊन पळूं लागला तर 'मारा, मारा, चावेल' असा ओरडा होऊन एखादी वहाण त्याच्यावर पडते. आश्चर्य हें कीं, त्याच घरांतील मुलगा ओसरीवर बसून रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट मोठ्यानें वाचीत असतो! पराभूत होऊन गुहेंत लपलेल्या त्या स्कॉटिश राजानें म्हणे एका कोळ्याला पुनःपुन्हां पडतांना व पुनःपुन्हां चढतांना पाहिलें आणि त्यापासून धीर घेतला. त्या कथेला समकालीन आधार नाहीं. ती लोकप्रिय झाली ती एकोणिसाव्या शतकांत वॉल्टर स्कॉटच्या लेखणीमुळें. परंतु पुस्तकांतला कोळी गुरु ठरतो आणि भिंतीवरचा कोळी वैरी ठरतो, यांत कोठेंतरी अन्याय होत आहे हें खास. त्या भिंतीवरच्या कोळ्याची ओळख करून घेतली तर हा अन्याय किती व कोठवर आहे हें ठरवितां येईल.

मराठींत कोळी या एकाच शब्दानें दोघांचा निर्देश होतो. एक समुद्रावर जाळें टाकून मासळी धरणारा, आणि दुसरा हवेंत जाळें ताणून माशी धरणारा. पहिल्याला जाळ्यासाठीं सूत बाहेरून आणावें लागतें; दुसरा तें आपल्या पोटांतून काढतो. म्हणूनच संस्कृतांत त्याला ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या नाभींत लोकर आहे तो, असें नांव मिळालें. मुंडकोपनिषदांत विश्वाची उत्पत्ति समजावून देतांना याच प्राण्याचा दृष्टांत घेतला आहे. तो आपल्यांतूनच तंतु बाहेर काढतो आणि पुन्हां आपल्यांतच ओढून घेतो, असें तेथें सांगितलें आहे. हा केवळ कवीचा कल्पनाविलास नव्हे. बागेंत चक्राकार जाळीं विणणारे अनेक कोळी जुनें झालेलें जाळें खरोखरच खाऊन टाकतात, आणि त्यांतील द्रव्य नव्या जाळ्याच्या कामीं येतें. त्या प्राचीन ऋषींची दृष्टि किती सूक्ष्म होती हें यावरून दिसून येईल.

कोळी म्हणजे एक किडा, अशी सामान्य समजूत आहे. ती शास्त्रदृष्ट्या बरोबर नाहीं. किड्याला सहा पाय, शरीराचे तीन भाग, डोक्यावर दोन मिशा आणि बहुधा पंख असतात. कोळ्याला पाय आठ, शरीराचे भाग दोन. मिशा नाहींत आणि पंखहि नाहींत. मुंगी, माशी, झुरळ हे त्याचे नातलग नसून विंचू आणि गोचीड हे त्याचे भाऊबंद होत. बहुतेक कोळ्यांना डोळेहि आठ असतात. तोंडाशीं दोन विषदंत असतात आणि पोटाच्या मागील टोकाशीं सूत काढण्याचे लहान उंचवटे असतात. त्याच्या पायांची रचना तर मोठी चमत्कारिक आहे. पाय मिटण्यासाठीं त्याला स्नायु आहेत; परंतु पायांतील कांहीं मुख्य सांधे सरळ करण्यासाठीं स्नायु नाहींत. तें काम तो अंगांतील द्रवाचा दाब वाढवून करितो. मेलेल्या कोळ्याचे आठहि पाय पोटाशीं आंखडलेले दिसतात, त्याचें कारण हेंच. जीव गेला कीं दाब गेला, आणि दाब गेला कीं पाय मिटले.

कोळ्याला घन पदार्थ गिळतां येत नाहीं. तो भक्ष्याला विषानें निश्चेष्ट करितो, मग त्याच्यावर पाचक रस सोडतो, आणि आंतील मांस पातळ झालें म्हणजे तें शोषून घेतो. आपलें अन्न पोटांत गेल्यावर पचतें. त्याचें पोटांत जाण्यापूर्वींच पचलेलें असतें. जळमटांत माशीचें पोकळ टरफल लोंबतांना दिसतें, तें या भोजनाचें उष्टें होय.

आतां त्याच्या सुताकडे वळूं. हें सूत पोटांतील ग्रंथींमध्यें पातळ प्रथिनाच्या रूपांत असतें. तें बाहेर ओढलें जातांना त्यांतील कणांची रचना बदलते आणि त्याचा घट्ट धागा बनतो. कोळी बहुधा मागील पायानें धागा ओढतो, किंवा धागा एके ठिकाणीं चिकटवून स्वतः पुढें चालूं लागतो. सर्व सूत एकाच जातीचें नसतें. चौकटीचा धागा निराळा, चिकट धागा निराळा, अंड्यांभोंवती गुंडाळावयाचा मऊ धागा निराळा, आणि भक्ष्य बांधण्याचा निराळा; प्रत्येकासाठीं ग्रंथि वेगळी. चक्राकार जाळें विणणाऱ्या मादीच्या पोटांत अशा सात प्रकारच्या ग्रंथि असतात. समान वजन घेऊन तुलना केली तर कोळ्याचा उत्तम धागा पोलादाच्या तारेपुढें हार जात नाहीं. आणि पोलाद जेथें तुटतें तेथें हा धागा ताणला जातो व उडत्या किड्याचा धक्का आपल्यांत जिरवितो.

या धाग्याचें जाळें कसें बनतें हें पाहावयाचें असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस, दिवेलागणीच्या सुमारास, कुंपणापाशीं उभें राहावें. उंच फांदीवर बसलेला कोळी प्रथम एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो उडत जाऊन समोरच्या फांदीला अडकला कीं कोळी तो ताणून घट्ट करितो. हा झाला पूल. मग त्याच्या मध्यावरून एक धागा खालीं सोडून तो ओढून बांधला जातो व इंग्रजी वाय या अक्षराची आकृति तयार होते. जेथें तीन रेषा मिळतात तो जाळ्याचा मध्य. तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चोहोंकडे धागे बांधले जातात. त्यानंतर मध्यापासून बाहेर जाणारें एक विरळ वेटोळें तो घालतो. हें चिकट नसतें, गवंड्याच्या परांचीप्रमाणें तें केवळ कामापुरतें असतें. शेवटीं बाहेरून आंत येत येत तो खरें चिकट वेटोळें विणतो, आणि जातां जातां ती परांची काढून टाकतो. ना पट्टी, ना गुण्या, ना ओळंबा. आणि बहुतेक जाती हें सारें काम करतात तें दृष्टीच्या नव्हे तर स्पर्शाच्या साहाय्यानें, अंधारांतसुद्धां. साधारण अर्ध्या-एक तासांत जाळें पुरें होतें. मग धनी मध्यभागीं, बहुधा डोकें खालीं करून, आठहि पाय आऱ्यांवर टेंकून बसतो. कोणत्या धाग्याला किती कंप झाला यावरून पाहुणा कोठें अडकला, तो केवढा आहे, तें खरोखर भक्ष्य आहे कीं वाऱ्यानें उडालेलें पान, हें त्याला कळतें.

आपल्याच जाळ्यांत तो स्वतः कां अडकत नाहीं, हा प्रश्न मुलें हटकून विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, जाळ्याचे आरे चिकट नसतात आणि तो शक्यतों त्यांवरूनच चालतो. चिकट धाग्याला पाय लावावा लागला तरी तो पायाच्या अगदीं टोंकाचे केस तेवढे लावितो, आणि त्या केसांची रचना व त्यांवरील लेप असा असतो कीं गोंद त्यांना फारसा धरीत नाहीं.

ही विणण्याची विद्या त्याला कोणी शिकवीत नाहीं. अंड्यांतून निघालेलें पिलूं आईचें जाळें न पाहतां आपलें लहानसें जाळें विणतें. परंतु ती विद्या यंत्रासारखी जडहि नाहीं. १९४८ सालीं जर्मनींतील एका प्राणिशास्त्रज्ञाला कोळ्यांचें चित्रण करावयाचें होतें. पण कोळी जाळें विणीत पहाटेच्या आडवेळीं. ती वेळ बदलावी म्हणून त्यानें पीटर विट या औषधशास्त्रज्ञाची मदत मागितली. विटनें कोळ्यांना निरनिराळीं औषधें साखरेच्या पाण्यांतून दिलीं. वेळ कांहीं बदलली नाहीं, परंतु जाळ्यांचे आकार बदलले! कॉफींतील कॅफीन हें द्रव्य दिलेल्या कोळ्यांचीं जाळीं तर अगदीं वेडींवांकडीं झालीं. पुढें १९७३ सालीं अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर, एका शाळकरी मुलीच्या सूचनेवरून, अराबेला आणि अनिता नांवाच्या दोन कोळ्यांच्या माद्या पाठविण्यांत आल्या. जेथें वर आणि खालीं हा भेदच नाहीं तेथें अराबेलाचें पहिलें जाळें ओबडधोबड झालें. पण थोड्याच दिवसांत तिनें त्या नव्या स्थितीशीं जुळवून घेतलें आणि पृथ्वीवरच्यासारखें व्यवस्थित जाळें विणून दाखविलें. ब्रूसच्या गोष्टींत आहे तोच चिवटपणा येथें प्रयोगानें सिद्ध झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां घरांतील मंडळींची ओळख. ज्यांच्यामुळें दिवाळींत कुंचा हातीं घ्यावा लागतो ते म्हणजे कोपऱ्यांत, खाटेखालीं, न्हाणीघरांत उलटे लोंबणारे बारीक अंगाचे व केसासारख्या लांब पायांचे कोळी. यांच्या जाळ्याला आकार असा नसतो, नुसता गुंता. त्यांना बोट लावलें तर ते पळण्याऐवजीं जागच्या जागीं इतक्या वेगानें गरगर हलूं लागतात कीं अंग दिसेनासें होतें. शत्रूला चकविण्याची ही युक्ति. यांची मादी आपलीं अंडीं मोत्यांच्या घोसाप्रमाणें तोंडांत धरून हिंडते आणि पिलें बाहेर पडेपर्यंत तो घोस सहसा सोडीत नाहीं. जळमट म्हणून जें झाडलें जातें त्यांत डांसांची आणि माशांचीं प्रेतेंहि असतात, इकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं.

दुसरा, ज्याला पाहून स्त्रिया आणि मुलेंच नव्हेत तर मिशीवाले पुरुषहि दचकतात, तो भला मोठा, चपटा, तपकिरी कोळी. पाय पसरले म्हणजे याचा विस्तार तळहाताएवढा होतो. हा जाळें विणीतच नाहीं. दिवसा तो चौकटीमागें किंवा लांकडांच्या ढिगांत दडतो आणि रात्रीं भिंतीवर शिकारीस निघतो. त्याचें आवडतें खाद्य झुरळ. ज्या घरांत झुरळें फार त्या घरांत हा पहारेकरी न बोलावतां येतो. पोटाखालीं पांढरी चपटी वडी धरून चालणारा मोठा कोळी कधीं दिसला तर ती अंडीं सांभाळणारी मादी आहे असें समजावें. हातांत दाबला गेला तर हा चावतो आणि तें दुखतेंहि. परंतु त्यापासून धडधाकट माणसाच्या जीवाला धोका नाहीं. आपण होऊन तो माणसाच्या अंगावर जात नाहीं; उजेड पडतांच पळ काढतो.

तिसरा घरकरी म्हणजे उड्या मारणारा लहान कोळी. खिडकीच्या गजांवर, टेबलावर, उन्हाच्या कवडशांत हा दिवसा हिंडतो. याचे समोरचे दोन डोळे मोठे व तेजस्वी असून कोळ्यांत याच्याइतकी तीक्ष्ण दृष्टि दुसऱ्या कुळाला नाहीं. बोट हालविलें तर हा वळून चक्क बोटाकडे पाहतो! माशीकडे मांजरासारखा दबत दबत जातो, योग्य अंतरावर एक धागा भिंतीला चिकटवितो आणि मगच झेंप घालतो; नेम चुकला तर त्या धाग्यावर लोंबकळतो व पुन्हां वर येतो. या कुळाशीं मुंबई-ठाण्याच्या लोकांचा एक हृदयस्पर्शी संबंध आहे. ठाणें-कल्याण परिसरांत सांपडलेल्या अशा एका नव्या जातीला संशोधकांनीं २०२१ सालीं 'आयशियस तुकारामी' असें नांव दिलें. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरच्या हल्ल्यांत बंदुकधारी हल्लेखोराला हातांनीं घट्ट धरून, गोळ्या अंगावर झेलून, ज्यांनीं प्राण दिला त्या पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचें हें स्मारक. संगमरवरी पुतळ्यापेक्षां हें स्मारक लहान खरें, पण ही जात जगेल तोंवर तें चालतें-बोलतें राहील.

घराच्या उंबरठ्याबाहेर पडलें कीं विविधता आणखी वाढते. जगांत नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ सालीं ५०,००० च्या वर गेली. त्यांतील सर्वांची नामावळी येथें देणें नको, चार ठळक मंडळी पुरेत. सह्याद्रीच्या रानवाटांवर भाद्रपद-आश्विनांत दोन झाडांमध्यें हात-दोन हात रुंदीचें, सोनेरी झांक असलेलें भक्कम जाळें आढळतें. त्यांत बसलेली काळी-पिवळी मादी केवळ धडानेंच दीड-दोन इंच भरते; आणि त्याच जाळ्याच्या कडेला एखादा तांबूस ठिपका हालतांना दिसतो तो तिचा पति! कुंपणावरच्या दुसऱ्या एका कोळ्याच्या जाळ्यांत मधोमध पांढरी नागमोडी फुली असते. जणूं विणकरानें कापडावर आपली सही केली आहे. ही फुली किडे आकर्षून घेण्यासाठीं, कीं पांखरांनीं जाळें मोडूं नये म्हणून इशारा देण्यासाठीं, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं. आंब्याच्या खोडावर सालीच्याच रंगाचा, मागें दोन लांब शेपट्या असलेला कोळी चिकटून बसतो. मुंगी जवळ येतांच तो तिच्याभोंवती भराभर प्रदक्षिणा घालून तिला सुतानें खोडालाच जखडून टाकतो. आणि त्याच आंब्यावर, पानें शिवून घरटें करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेशेजारीं, हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा कोळीहि फिरत असतो. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे उंच धरून हालवितो, म्हणजे मिशा नसल्याचें कोणाच्या ध्यानांत येऊं नये!

देशावरच्या माळरानांत बाभळी-बोरींवर जळमटांचे व वाळल्या पानांचे मळकट गोळे दिसतात. ते एकट्यादुकट्याचें घर नव्हे. त्यांत कोळ्यांचें एकत्र कुटुंब नांदतें. कधीं कधीं त्यांची संख्या शेंकडोंवर जाते. एरवीं कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी, स्वजातीयालाहि खाणारा. पण येथें सर्व मिळून जाळें विणतात, सर्व मिळून मोठा किडा ओढतात आणि सर्व मिळून जेवतात. यांच्या माता प्रथम पिलांना आपल्या मुखांतून पातळ अन्न भरवितात. आणि शेवटीं, अन्न देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे, आपलें शरीरच त्यांना अर्पण करितात. पिलें आईला खातात! हें ऐकून अंगावर कांटा येतो. परंतु मातृत्वाचें याहून संपूर्ण दान दुसरें कोणतें सांगतां येईल?

वात्सल्याच्या बाबतींत शेतांतील धांवरा कोळीहि मागें नाहीं. त्याची मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोंकाला बांधून धांवते; आणि पिलें निघालीं म्हणजे तीं सर्व तिच्या पाठीवर चढून बसतात. रात्रीं बांधावरून जातांना विजेरीचा प्रकाश जमिनीवर टाकला तर गवतांत दंवाच्या थेंबांसारखे हिरवट ठिपके चमकतात. त्यांतले कित्येक दंवाचे नसून या कोळ्यांचे डोळे असतात.

पिलें थोडीं मोठीं झालीं कीं एके ठिकाणीं राहून एकमेकांचे शत्रु होण्यापेक्षां देशांतर पत्करतात. तीं गवताच्या टोंकावर चढतात, पोट उंच करून बारीक धागे हवेंत सोडतात, आणि त्या धाग्यांसह अधांतरीं उडून जातात. वाऱ्याबरोबरच हवेंतील विद्युत्‌क्षेत्रहि त्यांना उचलण्यास साह्य करितें, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आलें. १८३२ सालीं चार्ल्स डार्विन ज्या जहाजावर होता तें किनाऱ्यापासून सुमारें ६० मैल दूर असतांना त्याच्या दोरखंडांवर हजारों चिमुकले कोळी येऊन उतरले. १८८३ सालीं क्राकाटोआ बेटाचा ज्वालामुखीनें विध्वंस केला. तेथील सर्व जीवसृष्टि राखेखालीं गाडली गेली. पुढल्या वर्षीं जेव्हां शोधक त्या राखेवर उतरले तेव्हां त्यांना आढळलेला एकमेव सजीव म्हणजे एक सूक्ष्म कोळी होता. ओसाड जगांत तो पहिला वसाहतकार!

येथवर कौतुक झालें. आतां व्यवहाराकडे पाहूं. २०१७ सालीं दोन युरोपीय शास्त्रज्ञांनीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, जगांतील सर्व कोळी मिळून दरवर्षी ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यांतील बहुतांश वांटा किड्यांचा असतो. भाताच्या खाचरांत याचें मोल विशेष. भाताचा रस शोषणारे तपकिरी तुडतुडे वाढले कीं उभें पीक करपल्यासारखें होतें. आणि या तुडतुड्यांचा मोठा भक्षक म्हणजे वर सांगितलेला धांवरा कोळी. तुडतुडे मारावे म्हणून सरसकट विषारी औषध फवारलें तर कोळीहि मरतात. तुडतुडे पुन्हां लवकर वाढतात, कोळी तितक्या लवकर वाढत नाहींत, आणि रोग पहिल्याहून बळावतो. इंडोनेशियाच्या शेतकऱ्यांनीं हा अनुभव कडू घोंटासारखा घेतला. अखेर १९८६ सालीं तेथील सरकारला भातावरील ५७ प्रकारच्या कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. कोकणांतील किंवा भंडारा-गोंदियाकडील शेतकऱ्यानें फवारणीपूर्वीं चुडांच्या बुडाशीं तुडतुड्यांबरोबर कोळीहि किती आहेत हें मोजून पाहिलें आणि मगच जाणत्याचा सल्ला घेतला, तर त्याचा पैसा आणि पीक दोन्हीं वांचण्याचा संभव आहे.

घरांत मात्र कोळ्याविषयीं एक समजूत इतकी रुजलेली आहे कीं तिच्यापायीं माणसाचेंच नुकसान होतें. अंगावर जळजळणारे फोड उठले म्हणजे 'कोळी फिरला' किंवा 'कोळ्यानें मूत्र टाकलें' असें निदान घरांतल्या घरांत होतें आणि कसला तरी लेप लावून दिवस काढले जातात. वस्तुतः कोळी मूत्राची धार टाकीत नाहीं. त्याची विष्ठा पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपानें पडते आणि तिनें फोड येत नाहींत. मग हे फोड कशाचे? पावसाळ्यांत दिव्यावर मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा एक लहान किडा येतो. तो चावत नाहीं. पण मानेवर किंवा हातावर बसलेला असतां नकळत चिरडला गेला तर त्याच्या अंगांतील द्रव्यानें कातडी भाजल्यासारखी होते. हें लगेच न होतां साधारण दुसऱ्या दिवशीं दिसूं लागतें, म्हणून खरा अपराधी कोणाला सांपडत नाहीं आणि कोपऱ्यांतल्या कोळ्यावर आळ येतो. असा किडा अंगावर बसला तर चिरडूं नये. फुंकर मारून किंवा कागदानें उडवावा, आणि ती जागा साबणानें धुवावी.

दुसरें कारण याहून गंभीर आहे. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, ठणकणारे फोड येतात त्याला नागीण म्हणतात. कांजिण्यांचे विषाणु वर्षानुवर्षें मज्जातंतूंत सुप्त राहून पुन्हां जागे झाले म्हणजे हा विकार होतो. वृद्ध माणसांना तो विशेष छळतो, आणि फोड बरे झाल्यावरहि वेदना महिनेच्या महिने मागें राहूं शकतात. यावर गुणकारी औषध आहे, परंतु तें फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आंत सुरू केल्यास त्याचा गुण अधिक. फोड डोळ्याजवळ असतील तर विलंबामुळें दृष्टीलाहि अपाय होऊं शकतो. अशा वेळीं 'कोळी फिरला' म्हणून घरच्या आजीला मुलतानी माती लावीत बसणें म्हणजे निरपराध्याला दोष देऊन रोग्याला शिक्षा करणें होय. त्याचप्रमाणें कापल्या-खरचटल्यावर जळमट दाबण्याची चाल कांहीं घरांत अजून आहे. जळमटानें रक्त थांबण्यास थोडें साह्य होत असेलहि. परंतु त्यांत धूळ असते, आणि धुळींत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ कापड हेंच बरें.

याचा अर्थ सगळेच कोळी निरुपद्रवी आहेत असा मात्र नव्हे. अमेरिकेंतील काळी विधवा, ऑस्ट्रेलियांतील सिडनीजवळचा बिळांत राहणारा कोळी, अशा मोजक्या जातींचें विष माणसाला घातक ठरूं शकतें. आपल्याकडेहि बिळांत किंवा झाडाच्या ढोलींत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत; त्यांच्या वाटेस जाऊं नये, आणि चावल्यानें सूज वा वेदना वाढत असतील तर डॉक्टरला दाखवावें. परंतु घराच्या भिंतीवर हिंडणारी मंडळी या यादींत बसत नाहींत.

कोळ्यालाहि शत्रु कमी नाहींत. पाल त्याला गिळते, पांखरें टिपतात. दाराच्या चौकटीवर मातीचें घरटें बांधणारी कुंभारीण तर त्याला दंश करून अर्धमेला करिते आणि आपल्या अळीसाठीं त्या कोठारांत रचून ठेवते. असें घरटें फुटलें तर आंत लहान लहान कोळी, जिवंत पण निश्चेष्ट, ओळीनें ठेवलेले आढळतात. म्हणजे जो इतरांसाठीं जाळें मांडतो तो स्वतः दुसऱ्याच्या शिदोरींत बांधला जातो. निसर्गाचें हें जाळें कोळ्याच्या जाळ्याहूनहि गुंतागुंतीचें आहे. त्यांतला एखादा धागा तोडला तर कंप कोठपर्यंत जाईल हें सांगवत नाहीं.

तात्पर्य, दिवाळींत जळमटें अवश्य काढावींत; स्वच्छतेला कोणाचा विरोध असण्याचें कारण नाहीं. जुनें, धुळीनें भरलेलें जाळें कोळ्यालाहि निरुपयोगीच असतें. परंतु जाळें मोडणें निराळें आणि विणकराला मारणें निराळें. भिंतीवर कोळी दिसला तर त्याच्यावर एक पेला उपडा ठेवावा, पेल्याखालून हलकेच जाड कागद सरकवावा, आणि त्याला अंगणांतल्या कुंडीपाशीं नेऊन सोडावें. लहान मुलांच्या हातून हें करवून घ्यावें. पेल्याच्या कांचेतून त्यांना त्याचे आठ डोळे आणि आठ पाय मोजूं द्यावेत. भीति ही बहुधा अपरिचयाची मुलगी असते. एकदां मोजणी झाली, नांवगांव कळलें, कीं 'मारा, मारा' असें ओरडणारीं तींच मुलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुंडीपाशीं जाऊन पाहूं लागतात कीं, रात्रींतून त्यानें नवें जाळें विणलें आहे कीं नाहीं.